निर्दोष मूत्रपिंडांची कैफियत

ज्या मुलाचे यकृत जन्मजात दोषाने किंवा पुढे जडलेल्या एखाद्या व्याधीने निकामी होत चालले आहे, ज्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा महिनोन् महिने हटत नाही आणि ज्याचे पोट आत साठलेल्या पाण्याने ताणले गेले आहे, त्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईबापांचे सारे चित्त त्या पिवळेपणावर आणि त्या पोटावर खिळलेले असावे हे स्वाभाविकच आहे. परंतु अशा मुलावरचे अखेरचे संकट कित्येकदा यकृताच्या नव्हे, तर मूत्रपिंडांच्या वाटेने येते, आणि तेही दोन दिवसांच्या जुलाबाच्या, साध्या तापाच्या किंवा औषधाच्या दुकानातून आणलेल्या एखाद्या बाटलीच्या निमित्ताने येते, ही गोष्ट रुग्णालयाच्या दारापर्यंत सर्वांना माहीत असते आणि त्या दाराबाहेर जवळजवळ कोणालाच माहीत नसते. जे संकट घरात सुरू होते त्याचे ज्ञान केवळ रुग्णालयात असावे, या विसंगतीविषयी मला लिहायचे आहे. आणि सुरत शहराच्या संदर्भात लिहायचे आहे, कारण तेथील मराठी वस्तीला या प्रश्नाची झळ दुहेरी लागते, आणि तो सोडवण्याचे साधनही त्याच शहराच्या हाती आहे.

यकृत कठीण झाले, त्यात व्रणांच्या गाठी पडल्या, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे येणाऱ्या मोठ्या शिरेतील रक्ताला पुढे सरकण्यास वाट उरत नाही आणि त्या शिरेतला दाब वाढतो. मग पोटातील रक्तवाहिन्या, नायट्रिक ऑक्साइडसारख्या द्रव्यांच्या प्रभावाखाली, सैल होऊन रुंदावतात आणि शरीरातील रक्ताचा फार मोठा वाटा तेथेच रेंगाळतो. एकूण रक्त कमी झालेले नसते, पण हृदयातून निघणाऱ्या धमन्यांना ते कमी भासते. आणि रक्तस्राव झाल्यावर शरीर जी आणीबाणी पुकारते तीच आणीबाणी ते येथेही पुकारते. रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही संप्रेरके स्रवू लागतात, मीठ व पाणी राखून ठेवण्याचा हुकूम सुटतो, आणि मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळल्या जातात. काक्रापारच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे चटकन उमजेल: वरच्या अंगाच्या शेतांनी मोऱ्या सताड उघड्या टाकल्या म्हणजे कालव्यात पाणी असूनही टोकाचे शेत कोरडे राहते, आणि तेथल्या मातीत कसलाही दोष नसताना पीक वाळते. राखून ठेवलेले मीठपाणी पोटात उतरते, त्यास आपण जलोदर म्हणतो. आणि मूत्रपिंडांचे आवळणे पराकोटीला गेले म्हणजे लघवी आटते, त्या अवस्थेस वैद्यक हेपॅटोरीनल सिंड्रोम हे नाव देते.

मूत्रपिंडांच्या या निर्दोषत्वाचा पुरावा वैद्यकाच्या इतिहासात मोठ्या हृदयद्रावक रीतीने नोंदला गेला आहे. ऑस्टिन फ्लिंट या अमेरिकन वैद्याने १८६३ सालीच असे नमूद केले होते की, जलोदराने व लघवी आटून मेलेल्या रोग्यांची मूत्रपिंडे शवविच्छेदनात तपासली असता त्यांत म्हणण्यासारखा बिघाड आढळत नाही. त्या निरीक्षणाचा अर्थ लागण्यास शंभर वर्षे जावी लागली. १९६९ साली अमेरिकेतील काही शल्यविशारदांनी यकृताच्या दुखण्याने मरण पावलेल्या, आणि मरतेसमयी ज्यांची मूत्रपिंडे पूर्ण बंद पडलेली होती, अशा रोग्यांची तीच मूत्रपिंडे काढून दुसऱ्या रोग्यांच्या देहात बसवली. आणि नव्या देहात, निरोगी यकृताच्या संगतीत, ती मूत्रपिंडे कामाला लागली. त्यानंतर चार वर्षांनी उलट दिशेने तोच सिद्धान्त पटला: रोग्याला नवे यकृत बसवले असता त्याची स्वतःची, आजवर बंद असलेली मूत्रपिंडे पूर्ववत झाली. या दोन प्रयोगांइतका स्पष्ट निवाडा वैद्यकात क्वचितच सापडेल. जे मूत्रपिंड मरणाला कारण झाले असे दाखल्यावर लिहिले जाते, ते स्वतः धडधाकट असते. त्याच्याकडे वेळीच रक्ताचा पुरवठा परत फिरवता आला असता, तर ते वाचले असते आणि त्याबरोबर मूलही.

सर्वच मुलांची कथा अशी नसते, हेही सांगितले पाहिजे. विल्सनच्या रोगात, म्हणजे शरीरात तांबे साचण्याच्या आनुवंशिक व्याधीत, यकृताबरोबर मूत्रपिंडांच्या नलिकाही प्रत्यक्ष दुखावतात. टायरोसिनेमियातही तेच होते. काही मुलांत यकृताचे तंतुमय काठिण्य आणि मूत्रपिंडांतील पाण्याच्या पुटी ही एकाच जन्मजात दोषाची दोन रूपे असतात. दक्षिण गुजरातच्या भातखाचरांत आणि उसाच्या मळ्यांत पावसाळ्यात फैलावणारा लेप्टोस्पायरोसिस हाही दोन्ही अवयवांवर एकदम घाला घालतो. पण जुनाट यकृतरोग असलेल्या मुलांपैकी पुष्कळांच्या बाबतीत मूत्रपिंडांचा अपघात हा बाहेरून आलेल्या निमित्ताने होतो, आणि निमित्त टाळता येते, हा मुद्दा मुख्य आहे.

ही निमित्ते कोणती? जुलाब आणि वांती, ज्यांत आधीच अपुरे भासणारे रक्त आणखी आटते. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून झालेला रक्तस्राव. पोटातील साचलेल्या पाण्याला झालेला जंतुसंसर्ग, जो कधी नुसत्या बारीक तापाने किंवा चिडचिडीने प्रकट होतो. लघवीची औषधे गरजेपेक्षा अधिक दिली जाणे. पोटातील पाणी पुष्कळ प्रमाणात काढून त्याच्या बदली शिरेतून अल्ब्युमिन न दिले जाणे. आणि शेवटी, पण माझ्या मते सर्वांत अक्षम्य, तापाची व दुखण्याची ती औषधे, जी कोणत्याही चौकात, चिठ्ठीवाचून, घाईच्या वेळी मुठीत मावतील एवढ्या पैशांत मिळतात. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड, डायक्लोफेनॅक या औषधांचा गुण असा की, ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बनू देत नाहीत. आणि यकृत बिघडलेल्या मुलाच्या मूत्रपिंडांत जो थोडाफार रक्तप्रवाह टिकून असतो तो नेमका त्या द्रव्यांच्या आधाराने टिकून असतो. निरोगी मुलाला जी बाटली रात्रभर झोप देते तीच बाटली या मुलाचा शेवटचा आधार काढून घेते. जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांचीही गणना याच यादीत आहे. ती स्वस्त आहेत, प्रभावी आहेत, आणि छोट्या दवाखान्यांतून सर्रास टोचली जातात.

आता सुरतेकडे वळू. १९६० पर्यंत आधी मुंबई इलाख्यात व मग मुंबई राज्यात असलेल्या या शहराशी मराठी माणसाचे नाते फार जुने आहे. पण आजचे नाते बनले आहे ते ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून, अंमळनेर-दोंडाईच्याच्या बाजूने, जमीन अपुरी पडलेली कुटुंबे यंत्रमागांच्या आणि रंगछपाईच्या कारखान्यांकडे आली आणि लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या भागांत त्यांनी वस्ती केली. बारा बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्या बापाला मूल आजारी पडले तर सरकारी रुग्णालयाच्या रांगेत घालवायला दिवस परवडत नाही, कारण त्या दिवसाची मजुरी जाते. म्हणून पहिला सल्ला औषधाच्या दुकानात घेतला जातो, दुसरा गल्लीतल्या दवाखान्यात, आणि डोळे पिवळे दिसले तर तिसरा गावाकडे, जिथे कावीळ उतरवणारा असतो, झाडपाल्याचा रस देणारा असतो, गळ्यात माळ घालणारा असतो. त्या माळेवर विश्वास ठेवणाऱ्या आजीला मी दोष देणार नाही. तिने आयुष्यात पाहिलेल्या बहुतेक काविळी पावसाळ्यात दूषित पाण्याने होणाऱ्या, आणि चार-सहा आठवड्यांत आपोआप उतरणाऱ्या होत्या, आणि माळही तेवढ्याच दिवसांत लांब होत होती. परंतु ज्या काविळीला मुदत नाही ती त्या जातीची नव्हे, हे तिला सांगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी ते सांगितलेले नाही.

मूत्रपिंडे धोक्यात आली हे ओळखावे कसे, हा प्रश्न मुलांच्या बाबतीत विशेष अवघड आहे. रक्तातील क्रिएटिनिन तपासून मूत्रपिंडांचे काम मोजण्याची सार्वत्रिक रीत आहे; पण क्रिएटिनिन स्नायूंतून उत्पन्न होते, आणि यकृताच्या आजाराने कृश झालेल्या मुलाच्या अंगावर स्नायूच उरलेला नसतो, त्यामुळे मूत्रपिंडे अर्धी बंद पडली तरी आकडा फारसा वाढत नाही. त्यातच रक्तातील बिलिरुबिनचे प्रमाण जास्त असले म्हणजे मोजणीच्या प्रचलित रासायनिक पद्धतीत आकडा खोटाच कमी दिसतो. ज्या बालकाचा नेहमीचा आकडा ०.३ आहे त्याचा ०.६ झाला, तर त्याचा अर्थ मूत्रपिंडांचे काम निम्म्यावर आले असा होतो. पण प्रयोगशाळेच्या छापील कागदावर, प्रौढ माणसाच्या मर्यादेशी ताडून, त्यासमोर सर्व ठीक असल्याची नोंद झालेली असते आणि तो कागद घेऊन आईबाप निश्चिंत मनाने घरी जातात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निकषांनी दोन दिवसांत ०.३ ची वाढ किंवा सात दिवसांत दीडपट वाढ ही धोक्याची खूण मानली आहे. आकडा किती आहे यापेक्षा तो कालच्यापेक्षा किती चढला, हे पाहायचे. त्यासाठी कालचा आकडा कोठेतरी लिहून ठेवलेला हवा, आणि मूल एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेले जात असता नेमका तोच हरवतो.

कागदापेक्षा लवकर आणि कागदापेक्षा खरे बोलणारी एक गोष्ट आईच्या हाताशी असते, ती म्हणजे लघवी. दहा किलो वजनाच्या मुलाने चोवीस तासांत सुमारे २४० मिलिलीटर लघवी करावी अशी अपेक्षा असते. ती १२० च्या खाली जाऊ लागली तर त्या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे. मोजण्यास यंत्र लागत नाही. लंगोट कोरडा असता वजन करावा, ओला झाल्यावर पुन्हा करावा. जितके ग्रॅम वाढले तितके मिलिलीटर धरावे. मोठ्या मुलासाठी खुणा असलेले प्लास्टिकचे भांडे पुरते. रोज सकाळी एकाच वेळी मुलाचे वजन घ्यावे, बेंबीवरून पोटाचा घेर फितीने मोजावा, आणि तीनही आकडे वहीत तारीखवार लिहावेत. ज्या घरातला पुरुष कापडाच्या ताक्याचे मीटर आणि किलो दिवसभर मोजतो, त्या घराला ही मोजणी अवघड नाही. ती कोणी मागितलेली नाही, एवढेच. या वहीने जितकी मुले वेळेवर पोचतील तितकी महागड्या तपासण्यांनी पोचणार नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

वेळेवर पोचलेल्या मुलासाठी करता येण्याजोगे पुष्कळ आहे. लघवीची औषधे ताबडतोब थांबवणे, संसर्ग शोधून त्यावर योग्य प्रतिजैविक देणे, आणि दर किलो वजनामागे एक ग्रॅम या प्रमाणात अल्ब्युमिन शिरेतून देऊन धमन्यांतला रक्ताचा तुटवडा भरून काढणे, हा आरंभ. दहा किलोच्या मुलाला वीस टक्क्यांच्या द्रावणाचे ५० मिलिलीटर पुरतात, म्हणजे नेहमीच्या बाटलीतली निम्मी बाटली; खर्च काही हजारांत असतो, अतिदक्षता कक्षातील एका दिवसापेक्षा कमी. तेवढ्याने भागले नाही, तर टर्लिप्रेसिनसारखी औषधे पोटातील सैल वाहिन्यांना आकुंचित करून रक्त मूत्रपिंडांकडे वळवतात. त्यानेही न भागल्यास डायलिसिस, पण ते प्रत्यारोपणापर्यंतची मुदत मिळवण्यासाठी. मूळ उपाय नव्या यकृताचा.

भारतात मुलावरील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत झाले. वीस महिन्यांच्या त्या बालकाला बापाने आपल्या यकृताचा तुकडा दिला होता, आणि ते बालक पुढे मोठे होऊन स्वतः डॉक्टर झाले. गुजरातेत अहमदाबादच्या सिव्हिल रुग्णालयाच्या आवारात डॉ. ह. ल. त्रिवेदी यांनी उभारलेली मूत्रपिंडविकार संस्था यकृतांचेही प्रत्यारोपण करते. सुरतेच्या दोन्ही अंगांना, अहमदाबादेकडे आणि मुंबईकडे, साधारण अडीचशे किलोमीटरवर ही सोय आहे. अवयवदानात सुरतेने जे औदार्य दाखवले आहे त्यापुढे नतमस्तक व्हावे. २०१७ साली या शहरातील चौदा महिन्यांच्या एका बालकाचे हृदय मुंबईतील साडेतीन वर्षांच्या मुलीला मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जन्मून अवघे काही दिवस श्वास घेतलेल्या एका अर्भकाची मूत्रपिंडे, यकृत आणि डोळे त्याच्या आईबापांनी दान दिले. ज्या शहरातली माणसे इतक्या दारुण प्रसंगी इतका विचार करू शकतात त्या शहरात, मिळालेल्या यकृताचा लाभ घेण्याइतकी मुलाची मूत्रपिंडे शाबूत राखण्याची तजवीज नसावी, हे मनाला फार लागते. प्रत्यारोपणानंतर आयुष्यभर घ्यावे लागणारे टॅक्रोलिमस हे औषधही मूत्रपिंडांवर भार टाकते. तेव्हा आधीच दुखावलेली मूत्रपिंडे घेऊन गेलेले मूल पुढची सारी वर्षे त्या तुटीवर जगते.

पण याहून आधीची एक पायरी आहे आणि खरा खेद तिच्याविषयी आहे. मुलांना प्रत्यारोपणापर्यंत नेणाऱ्या रोगांत पहिला क्रमांक पित्तनलिका बंद असण्याच्या जन्मजात व्याधीचा लागतो. साधारण दहा ते पंधरा हजार जन्मांमागे एका बालकाला ती असते. सुरतेसारख्या, २०११ च्या जनगणनेतच ४४ लाखांच्या वर गेलेल्या शहरात, दरवर्षी अशी काही बालके जन्मतात हे ओघाने आले. तिच्यावर १९५९ साली मोरिओ कासाई या जपानी शल्यविशारदाने शस्त्रक्रिया सांगितली, आणि ती साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची आशा मोठी असते. तीन महिने उलटले की ती फारच थोडी उरते. निदानाची खूण घरातच असते: चौदा दिवसांनंतरही न उतरलेली कावीळ आणि पांढुरकी, मातकट शी. बाळ अंगाने बरे दिसते, दूध पिते, म्हणून कोवळ्या उन्हात धरा असे सांगून त्याला परत पाठवले जाते आणि ते साठ दिवस निघून जातात. तैवानने २००४ पासून प्रत्येक मातेला शीच्या रंगांची छापील चित्रे असलेली पत्रिका देण्याचा शिरस्ता घातला आणि तेथील बालकांवर वेळेवर शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण वाढले.

आपल्याकडे ही पत्रिका आणण्यास नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. आशा कार्यकर्तीने नवजात बालकाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे असा नियम आहेच. त्यांतल्या शेवटच्या चार भेटी नेमक्या त्या मोलाच्या मुदतीत पडतात. गुजरातेत प्रत्येक गरोदर बाईला ममता कार्ड मिळतेच. त्यात रंगांचे एक पान घालायचे आणि चौदाव्या दिवसापासून आईला लंगोट दाखवायला सांगायचा. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरतेतले लाखो लोक गाड्यांना लोंबकळून पळाले, त्यानंतर एस. आर. राव या आयुक्तांच्या कारकिर्दीपासून याच महानगरपालिकेने तापाच्या रोग्यांची रोजच्या रोज नोंद ठेवण्याचा जो बंदोबस्त बसवला, त्याचा दाखला देशभर दिला गेला. ताप मोजणाऱ्या दप्तराला शीचा रंग नोंदवणे कठीण नाही. गरज आहे ती पांढुरकी शी आढळलेल्या प्रत्येक बालकाची थेट बिलिरुबिनची तपासणी नव्या सिव्हिल रुग्णालयात किंवा महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात त्याच आठवड्यात, विनामूल्य, आणि रांगेवाचून होईल अशा स्पष्ट हुकमाची.

मराठी वस्तीची दुसरी अडचण कागदांची आहे. आयुष्मान भारतच्या पाच लाखांच्या संरक्षणाचा लाभ कोणत्याही राज्यात घेता येतो. पण गुजरातने २०२३ साली ते दहा लाखांपर्यंत वाढवले, ती वाढ राज्याच्या रहिवाशांसाठी आहे. शिधापत्रिका शिंदखेड्याची, आधारावरचा पत्ता गावचा, मूल सुरतेत जन्मलेले आणि बाप पंधरा वर्षे पांडेसऱ्यात मागावर उभा: अशा कुटुंबाची दरखास्त या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरते, आणि ज्या रोगात दिवस मोजायचे त्यात महिने जातात. लहान मुलाच्या यकृताच्या आजारापुरता तरी रहिवासाचा पुरावा म्हणून कारखान्याचा दाखला किंवा भाडेपावती ग्राह्य धरावी, आणि दोन्ही राज्यांनी खर्चाचा हिशेब नंतर आपसांत मिटवावा. जळगाव-नंदुरबारच्या लोकप्रतिनिधींनी आणि सुरतेच्या मराठीभाषक नगरसेवकांनी ही मागणी एकत्र मांडली, तर ती नाकारण्यास कोणते कारण देता येईल हे मला दिसत नाही.

आणि रोग जडलेल्या मुलांसाठी, उद्याच सुरू करता येईल अशी एक गोष्ट: प्रत्येकाच्या हाती एक जाड कागदाची लाल पत्रिका. तिच्यावर मुलाचा रोग, त्याचे वजन, त्याचा नेहमीचा क्रिएटिनिनचा आकडा आणि तो कोणत्या तारखेचा. खाली ठळक अक्षरांत, या मुलाला देऊ नयेत अशा औषधांची नावे, बाजारातल्या प्रचलित नावांसह. ताप आल्यास कोणते औषध, किती, आणि कोणाला विचारून. लघवी किती कमी झाली म्हणजे थांबायचे नाही तो आकडा, आणि रात्री कोणता दूरध्वनी उचलला जातो तो क्रमांक. ही पत्रिका एका बाजूला गुजरातीत आणि दुसऱ्या बाजूला घरच्या भाषेत असावी. जी महानगरपालिका आपल्या शाळांतून मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू या भाषांत मुलांना शिकवते तिला अनुवादक शोधत फिरावे लागणार नाही. औषधविक्रेत्यांच्या संघटनेने आपल्या सभासदांना एवढीच ताकीद द्यावी की, ही पत्रिका दाखवणाऱ्या माणसाला यादीतील औषध कितीही आग्रह झाला तरी द्यायचे नाही, आणि मुलाला ताबडतोब सिव्हिलमध्ये न्यायला सांगायचे.